तेरावा नेचा

एकोणचाळीस वर्षं मी लोकांचे खोटे दात बनवले. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून, मेण, प्लॅस्टर आणि बारीक कानस घेऊन. माझी कवळी घातलेल्या माणसाला त्याची सख्खी बायको हसताना बघायची आणि तिला पत्ता लागायचा नाही. त्यातली गोम अशी की दात फार सुबक करायचा नसतो. एखादा किंचित तिरका बसवायचा, एखाद्याच्या कडेला चहाचा डाग पडल्यासारखी छटा द्यायची. एकसारखी पांढरीशुभ्र बत्तिशी दिसली की समजावं, काहीतरी गडबड आहे. हे मी नव्याने कामाला आलेल्या मुलींना शंभरदा ऐकवलंय. पुढे जे घडलं त्यात मला स्वतःलाच हे आठवायला हवं होतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

निवृत्त झाले तेव्हा मी मनाशी ठरवलं, की आता एक तरी खरी गोष्ट करायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातांनी.

आमचं घर दोघी बहिणींचं. मी थोरली, आणि सहा वर्षांनी लहान ती धाकटी. तिचं नाव कुणी घेतच नाही, सगळी गल्ली तिला धाकटी म्हणते. तिने सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचा फोन घेण्यात काढली. ‘काम चालू आहे हो, दोन तासांत पाणी येतंय,’ हे ती अशा काही मायेनं सांगायची की लोक कोरड्या नळाखाली बादली ठेवून निवांत बसायचे. पाणी कधी येणार ते तिला स्वतःला काय कपाळ माहीत असणार! पण तिच्याविरुद्ध एक तक्रार आली नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी तिच्या आवाजाचं खास कौतुक केलं होतं.

घरामागे आमची एक पट्टी आहे. चार पावलं रुंद, वीस पावलं लांब. एका बाजूला आमचं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला गोदामाची उंच भिंत. ऊन तिथे वर्षात एकदाही पोचत नाही. तिथे मी गुलाब लावून पाहिला, शेवंती लावून पाहिली, पुदिनासुद्धा लावला. सगळ्यांनी माना टाकल्या. मग एकदा गावामागच्या डोंगरावरच्या रानात, ओढ्याकाठच्या उतारावर, मला नेचा दिसला.

रोपवाटिकेत मिळतो तसला पिसाऱ्यासारखा नाजूक परदेशी नेचा नव्हे. हा इथलाच. गडद हिरवा, चामड्यासारख्या जाड पानांचा, मोठ्या झाडांच्या सावलीत दगडांना धरून बसलेला. थंडीत अख्खं रान उघडं पडतं तेव्हाही हा बारा महिने हिरवाच. मी बघताक्षणीच हरखून गेले. माझ्या अंधाऱ्या पट्टीला असाच कुणीतरी हवा होता.

पण तो विकत मिळत नाही. लोक रानात जातात, रोप उपटून आणतात, आणि ते बागेत वर्षभरात मरतं. उतारच्या उतार असे बोडके झालेत. तिथली वनरक्षक बाई कडक. शब्द मोजून बोलणारी. मी तिला सरळ जाऊन भेटले आणि म्हणाले, “मला रोप नको. मला त्याची भुकटी न्यायची परवानगी द्या.” नेच्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात आणि त्यातून भुकटी झडते, तेच त्याचं बियाणं. वनरक्षक बाईने मला नीट न्याहाळलं आणि एक कागद लिहून दिला: वर्षाला एक पान तोडावे, रोपास हात लावू नये. खाली मी सही केली. तो कागद मी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. ती जागा मी एकाच माणसाला दाखवली होती, धाकटीला.

भुकटीपासून नेचा करणं म्हणजे काय, हे केल्याशिवाय कळायचं नाही. पान कागदात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी कागदावर दोन शिंकांत संपेल एवढी तपकीर. कुजलेल्या पाल्याची माती तीनदा चाळायची, तिच्यावर उकळतं पाणी ओतायचं, निवली की भुकटी भुरभुरायची, वर काच ठेवायची. मग वाट बघायची. तीन महिन्यांनी मातीवर शेवाळ यावं तशी हिरवी साय येते. त्यातून मसुरीएवढी बदामाच्या आकाराची पानं. त्यावर पाण्याचा थर राहिला तरच पुढचा संसार. मग कधीतरी नखाच्या कातरणाएवढं पहिलं खरं पान. पहिल्या वर्षी माझं सगळं बुरशीने खाल्लं. दुसऱ्या वर्षी गोगलगायींनी. तिसऱ्या वर्षीच्या पेरणीतून चौदा महिन्यांनी बारा रोपं माझ्यासमोर उभी होती, प्रत्येक अंगठ्याएवढं, बारा छोट्या कुंड्यांत.

मी एक वही ठेवली होती. रोज कुठल्या कुंडीत काय झालं ते लिहायचे. ‘पाचवीत नवा कोंब, वळलेला, वर तपकिरी लव.’ ‘नववी मान खाली घालून बसली आहे, उद्या बघू.’ धाकटी हसायची. म्हणायची, “ताई, लोक नातवंडांची एवढी लिहीत नाहीत.” हसू दे म्हटलं. माझ्या हातून आजवर जिवंत असं काही झालं नव्हतं. माझं पोटचं कुणी नाही, आणि दातांना काही जीव नसतो. ती बारा रोपं माझी होती.

आणि मग मागच्या पायरीवर पाय घसरून मी पडले. खुबा मोडला.

ऑपरेशन, आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात सात आठवडे. चालायचं कसं ते पुन्हा शिकायला. जाताना स्ट्रेचरवरून मी धाकटीला दोन पानी सूचना लिहून दिल्या. त्यात ‘ऊन नको’ हे तीनदा लिहून खाली रेघ मारली होती.

ती रविवारी यायची आणि रोज दुपारी साडेचारला फोन करायची. इस्पितळाच्या त्या मजल्यावर फोनला रेंज यायची ती फक्त कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपाशी. पलंगापासून बावीस पावलं. पहिल्या आठवड्यात मला चाकाच्या खुर्चीतून नेलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी वॉकर धरून, दात-ओठ खात स्वतः जायला लागले, कारण साडेचार चुकवायचे नव्हते.

“कसे आहेत गं?”

“तरतरीत आहेत, ताई. पाचवीत नवा कोंब आलाय.”

“कसा?”

“वळलेला. वर तपकिरी लव आहे.”

“आणि नववी?”

“मान खाली घालून बसली होती. आज जरा वर बघतेय.”

मी खिडकीच्या कठड्याला टेकून ते ऐकायचे. मला वाटायचं, बघा, इतकी वर्षं हसत होती, आणि आता हिला नजर आली! लव कशी दिसते हे बघायला डोळा लागतो. मी तिला तसं म्हटलंही. “तुला आता दिसायला लागलं गं,” म्हटलं. ती पलीकडे गप्प झाली. मला वाटलं, लाजली. व्यायाम करून घेणारी बाई म्हणायची, “आजी, तुमची बहीणच आमचं निम्मं काम करतेय.” सातव्या आठवड्यात मी काठी टेकत स्वतःच्या पायांनी घरी आले.

पट्टीत बारा कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. मोठ्या कुंड्या. त्यांत वीतभर उंचीचे, गडद, जाड पानांचे बारा नेचे. मी दारातच रडले.

“छोट्या कुंड्यांत मावेनात, म्हणून मीच बदलल्या,” धाकटी म्हणाली आणि माझी बॅग उचलून आत गेली.

अंगठ्याएवढं रोप सात आठवड्यांत वीतभर होत नाही. हे मला माहीत होतं. मी काय आंधळी होते का? बाराच्या बारा एकसारखे, एकही खुरटलेला नाही, एकही रुसलेला नाही. अशी बत्तिशी माझ्यासमोर दुसऱ्या कुणी ठेवली असती तर मी दुरूनच सांगितलं असतं. पण ती माझी होती ना! माझंच कौतुक मला खोटं कसं वाटेल? मी त्या वर्षी मातीत कोळशाची पूड घातली होती. मी म्हटलं, हा कोळशाचा गुण.

इथवरही ठीक होतं. पण मी बागमंडळात जाऊन भाषण केलं. विषय, ‘सावलीतला आपला नेचा: माझी पद्धत’. चाळीस माणसं टिपून घेत होती. आठ जणांनी कोळशाची पूड घालून माझ्या पद्धतीने पेरलं आणि आठही जणांची रोपं काही माझ्यासारखी वाढेनात. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. ते एकदा नखाएवढीच राहिलेली रोपं ट्रेमधून घेऊन माझ्याकडे आले, नापास झालेला मुलगा प्रगतिपुस्तक आणतो तसे. “सहा महिने झाले हो, जागचं हलत नाही,” म्हणाले. मी त्यांना म्हणाले, “तुमच्यात धीर नाही.” त्यांनी मान डोलावली आणि ट्रे उचलून गेले. त्यांचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

डॉक्टरांनी वर्षभर वाकायला मनाई केली होती. कुंड्यांचं खालचं सगळं काम धाकटी करायची. मी खुर्चीत बसून वरची पानं बघायचे, वही लिहायचे. त्या कुंड्यांतल्या मातीला सव्वा वर्ष माझं बोट लागलं नाही.

मग वनरक्षक बाईचं पत्र आलं. ओढ्याकाठच्या उतारावर नेचे फार कमी झालेत, तुमच्याकडे भुकटीपासून वाढवलेली रोपं असतील तर तिथे लावायला आणा. मला इतका आनंद झाला की मी ते पत्र धाकटीला दोनदा वाचून दाखवलं. ज्या उतारावरून मी चिमूटभर भुकटी आणली, त्याला बारा रोपं परत करायची! याहून मोठं काय असतं?

“कशाला गं,” ती म्हणाली, “इथे छान दिसतात की.”

“तिथलीच आहेत. भुकटी तिथलीच ना.”

“तुझा खुबा. चढण आहे.”

“मी चढेन.”

“सगळी नको नेऊस. दोनच ने.”

तिचा जीव जडलाय असं मला वाटलं. जायच्या दिवशी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, गोळी दिली, आणि वनखात्याच्या गाडीतून बारा कुंड्या घेऊन निघाले.

पडल्यापासून मी त्या उतारावर गेले नव्हते. वनरक्षक बाईने माझा दंड धरून मला वर आणलं. ओढा तसाच वाहत होता. पण दगडांमधे जिथे नेच्यांची दाटी असायची, तिथे मोकळं होतं. मातीत वाटीएवढे खळगे पडलेले, त्यांवर शेवाळाचा पातळ थर आला होता.

“रानडुकरं?” मी विचारलं.

“डुकरं असे गोल खणत नाहीत,” ती म्हणाली. “गेल्या साली कुणीतरी नेले. चांगली मोठी रोपं बघून नेली. बारा.” तिने खांद्यावरच्या पिशवीतून नोंदवही काढली आणि तारीख वाचून दाखवली. “त्यानंतर इथली बाकीचीही नीट धरत नाहीयेत. म्हणून तर तुम्हाला पत्र लिहिलं.”

ती तारीख माझ्या ऑपरेशननंतरच्या चौथ्या दिवसाची होती. मला ती विसरणं शक्यच नाही. त्या दिवशी माझी नळी काढली होती.

मी खाली बसले, आता बसायची परवानगी होती, आणि पहिली कुंडी उलटी करून मुळांचा गोळा हातात घेतला. बोटांनी माती झटकली. नेच्याची पानं जुनी होऊन झडतात, पण त्यांच्या देठांचे खुंट गड्ड्याला तसेच राहतात. दरवर्षी एक नवं कडं. मी अंगठ्याच्या नखाने तपकिरी लव बाजूला करून मोजलं. एक कडं, दुसरं, तिसरं. सहा झाली आणि सातवं कुजून काळं पडलेलं होतं. माझ्या रोपाचं वय तीनसुद्धा नव्हतं. मुळांच्या आत एक तांबडा दगडाचा कपचा अडकला होता. माझ्या चाळणीतून मोहरीएवढा खडा जात नाही. तांबडा दगड त्या उताराचा होता, माझ्या गुडघ्याखाली तोच होता.

दुसरी कुंडी बघितली. तिसरी बघितली. मग बघायचं सोडलं.

मी एकेक रोप खळग्यात बसवलं. गोळा खळग्यात अगदी बरोबर बसायचा. पोकळ जबड्यात कवळी बसावी तसा. बारा खळगे, बारा गोळे. वनरक्षक बाई ओढ्यातून पाणी आणून घालत होती. एवढं नेमकं बसतंय हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. सहाव्या-सातव्या रोपापासून ती पाणी घालायची थांबली आणि उभी राहून माझ्याकडे बघायला लागली.

शेवटी तिने नोंदवही पुढे केली. छापील ओळ होती, ‘रोपे बीजाणूंपासून घरी वाढवली आहेत.’ खाली सहीची जागा.

“ही इथलीच आहेत,” मी म्हणाले.

“तुम्ही नेली होती?”

मी तोंड उघडलं. एवढंच सांगायचं होतं की मी इस्पितळात होते, माझ्या बहिणीने नेली, मला सव्वा वर्ष पत्ता नव्हता. पण हे सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की मी चाळीस माणसांसमोर भाषण केलं, वही लिहिली, दारात रडले, आणि ते सगळं उपटून आणलेल्या झाडांसाठी. चोर म्हणवून घ्यायची मला लाज वाटली नाही. मूर्ख म्हणवून घ्यायची वाटली.

“हो,” मी म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “तुमच्याकडून नव्हतं वाटलं,” एवढंच म्हणाली. “परवानगीचा कागद पोस्टाने पाठवून द्या. आता भुकटीसाठीही यायचं नाही.” तरी उतरताना तिने माझा दंड धरला.

घरी आले तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. मी दारामागचा कागद ओढून काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

“सांग,” मी म्हणाले.

तिने सांगितलं. आवाज तोच, तक्रारीचा फोन घेण्याचा. “पहिल्याच दिवशी गं. मला वाटलं, त्या काळोखात बिचारी आजारी पडतील. झाड म्हणजे ऊन लागणारच ना? दोनच तास पुढच्या खिडकीत उन्हाला ठेवली, काचेसकट. बघते तर सगळी उकडली. शिजलीच.”

“मी तीनदा लिहिलं होतं.”

“लिहिलं होतंस. मग तू ऑपरेशनमधून बाहेर आलीस आणि डोळे उघडायच्या आत विचारलंस, माझे नेचे कसे आहेत. माझ्या तोंडून निघून गेलं, तरतरीत आहेत. सवयच ती.”

“आणि मग डोंगरावर गेलीस.”

“तू घरी आल्यावर काय दाखवणार होते?”

“आणि फोनवर? रोज साडेचारला? पाचवीला कोंब, नववीने मान वर केली?”

ती खाली बघायला लागली. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“ते मी तुझ्या वहीतून वाचायचे,” ती म्हणाली. “आदल्या वर्षीचं.”

मी खुर्ची ओढून बसले. रोपांचं एक वेळ सोडा. पण ती खिडकी, ती बावीस पावलं, तो कठड्याला टेकून ऐकलेला एकेक शब्द! मी माझंच लिहिलेलं ऐकत होते आणि ‘तुला आता दिसायला लागलं’ म्हणून तिला शाबासकी देत होते. म्हणूनच ते इतकं खरं वाटत होतं. त्या सात आठवड्यांत मला काय मिळालं म्हणून विचाराल तर तेवढंच मिळालं होतं, की आम्ही दोघी पहिल्यांदाच एकाच गोष्टीकडे बघतोय. तेसुद्धा नव्हतंच.

“पण तू चालायला लागलीस ना, ताई?” ती म्हणाली.

“लागले. चालत त्या खळग्यांपर्यंत गेले.”

“घरी आल्यावर सांगणार होते. तू इतकी खूश होतीस. मग भाषण झालं. मग कसं सांगू? पत्र आलं तेव्हा वाटलं, जातील जिथली तिथे. सुटले एकदाची.”

“तू सुटलीस,” मी म्हणाले, “मी चोर म्हणून कबुली देऊन आले.”

तेव्हा ती रडली. मी तिला गप्प केलं नाही. वही उचलली आणि कपाटात सगळ्यात खाली टाकली. कागद पाकिटात घालून पाठवून दिला. अध्यक्षांना चार ओळी लिहिल्या: माझी पद्धत चुकीची होती, धीर तुमच्यात होता, तुमची रोपं बरोबर वाढत होती. त्यांचं उत्तर आलं नाही.

दोन महिने आम्ही एका घरात दोन भाडेकरणींसारख्या राहिलो. ‘दूध संपलंय’, ‘बिल आलंय’, बस्स. ती काही सांगायची आणि माझं मन आपोआप त्याची मागची बाजू तपासायचं. बाजारात गर्दी होती म्हणाली, तरी मी मनात म्हणायचे, असेल की नसेल कुणास ठाऊक! जिच्याबरोबर अख्खा जन्म काढला तिचं एकही वाक्य मला सरळ घेता येईना. याच्याइतकं एकटं मला इस्पितळातही वाटलं नव्हतं. पट्टीत बारा कुंड्यांचे बारा ओले गोल उमटले होते, तेही हळूहळू वाळले.

मग एक दिवस सकाळी ती मागच्या दारातून धावत आली. हाताला माती, श्वास फुललेला.

“ताई, पाण्याच्या टाकीमागे एक आलाय.”

“काय?”

“नेचा! ती शिजलेली माती मी तेव्हा टाकीमागे ओतली होती ना, तिथे. आपोआप आलाय गं!”

मी खुर्चीतून उठले नाही. “कधी आणून ठेवलास?” मी विचारलं.

तिचा चेहरा पडला. “नाही गं. शप्पथ. हा मी नाही आणलेला.”

काठी घेऊन मी गेले. टाकीच्या मागे, गोदामाच्या भिंतीच्या बुडाशी, जिथे नळाच्या सांध्यातून रात्रंदिवस थेंब ठिबकतो, तिथे तो होता. अंगठ्याएवढा. तीन पानं, त्यातलं एक गोगलगाईने कडेला कुरतडलेलं, आणि मधे एक कोंब, वळलेला, वर तपकिरी लव. शेजारी त्या जुन्या छोट्या कुंड्यांपैकी एकीची मोडकी कड मातीतून डोकावत होती.

मी गुडघ्यांवर बसले. अर्धं मन म्हणत होतं, हाच. भुकटीतला काही भाग उन्हातून वाचला असेल, काळोखात, ओलाव्यात, कुणी न बघता दोन वर्षं हळूहळू आला असेल. असं होतं, मी वाचलंय. आणि अर्धं मन त्या कुरतडलेल्या पानाकडे बघत होतं. डाग कुठे द्यायचा, तिरका कुठे बसवायचा, हे मला कुणी शिकवायला नको. खरं वाटावं म्हणून मीही नेमकं असंच एक पान कुरतडलं असतं.

“ताई, नको,” ती मागून म्हणाली. “हात नको लावूस. इतका लहान आहे.”

तिने नको म्हटलं नसतं तर कदाचित मी थांबले असते. मी दोन बोटं मातीत घातली आणि तो उपटला.

खुंट नव्हते. एकही नव्हता. केसासारखी पाच-सहा मुळं, आणि त्यांना चिकटलेली माझी तीनदा चाळलेली माती, कोळशाच्या पुडीसकट. खडा म्हणून नाही. मुळांच्या वर हिरव्या बदामाचा वाळका तुकडा अजून लटकत होता, पहिल्या जन्माचा. माझाच होता तो. मी केलेला एकुलता एक, आणि आता त्या उतारावर भुकटीसाठीही पाय ठेवायची मला बंदी होती.

धाकटीने माझ्या हातात बघितलं. आत जाऊन झारी भरून आणली, माझ्या शेजारी ठेवली आणि निघून गेली. मी तो होता तिथेच परत लावला, माती दाबली, पाणी घातलं, वर काचेचा पेला उपडा घातला. पण तुटलेली मुळं माझ्या बोटांना चिकटून आली होती. ती मी झारीच्या पाण्यात धुतली.

दुपारी साडेचारला बघायला गेले. पेल्याच्या आत वाफ धरली होती. तिन्ही पानं मातीवर आडवी पडली होती आणि कोंब मऊ होऊन काळा पडला होता. मी पेला उचलला आणि परत ठेवला.

“कसा आहे गं?” धाकटीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. तिला तिथून टाकीमागचं दिसत नाही.

“तरतरीत आहे,” मी म्हणाले.